वेल्डर भाच्याला पाणबुडा व्हायचंय, मित्र म्हणतो रोबोट आले : सल्ला हवा

जुवारीकाठ

मंडळी, जरा घाईचा सल्ला हवाय.

भाचा वास्कोला असतो. आयटीआयचा वेल्डर, सध्या एका यार्डात कंत्राटावर. वडील बार्जवर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या, बार्ज नांगरून पडली, तेव्हापासून घराची ओढाताण चालूच आहे. पोरगा सड्याच्या खालच्या खडकांवरून उड्या मारत वाढला, त्यामुळे दर्याची भीती अशी नाही.

आता एका एजंटानं डोक्यात भरवलंय की सहा महिन्यांचा कोर्स करायचा, 'सॅच्युरेशन डायव्हर' व्हायचं आणि थेट बॉम्बे हाय किंवा आखात. फी लाखांत. ताई पाटल्या मोडायला निघालीय. आणि त्याच पोराचा इंजिनियरिंगवाला मित्र सांगतो, पाण्याखाली माणूस पाठवायचे दिवस गेले, सगळं आरओव्ही, म्हणजे पाण्याखालचे रोबोट करणार, पैसे वाया घालवू नकोस.

दोघांपैकी खरं कोण? आपल्या गोव्यात या कामाला काही भवितव्य आहे का? जाणकारांनी लिहावं, तोवर मी पाटल्या अडवून धरतो.

मिरामारकर

रोबोट सगळं करणार असते तर 'रिव्हर प्रिन्सेस' काढताना कुठे होते? २००० च्या पावसाळ्यात सिकेरी-कांदोळीला रुतलेलं ते धूड हटायला २०१२ उजाडलं. आमची एक पिढी त्याच्यासमोर फोटो काढून मोठी झाली.

बाकी मला यातलं ओ की ठो कळत नाही. वाचायला बसलोय.

खोलपाणी

जुवारीकाठ बाब, पाटल्या कपाटात ठेवा.

मी बरीच वर्षं हवेवर डायव्हिंग केलं, बॉम्बे हायला आणि बंदरांत. आता मुरगावात सुपरवायझर म्हणून डाइव्ह कंट्रोलला बसतो. एजंट आणि मित्र दोघंही अर्धवट सांगतायत.

आधी एजंट. सहा महिन्यांत कोणी सॅच्युरेशन डायव्हर होत नाही. आधी 'सरफेस सप्लाय' शिकायचं, म्हणजे डोक्यावर हेल्मेट आणि वरून येणारी हवेची नळी. त्यावर काम करून लॉगबुक भरायचं, अनुभव दाखवायचा, मग बंद बेलचं, म्हणजे दाब राखून पाणबुड्यांना खाली नेणाऱ्या कुपीचं वेगळं प्रशिक्षण. ऑफशोअरला घेणारे लोक 'इम्का'च्या (सागरी कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत बसणारं सर्टिफिकेट मागतात: ब्रिटनचं एचएसई, ऑस्ट्रेलियाचं एडीएएस, कॅनडाचं डीसीबीसी वगैरे. पर्यटकांना बाटली पाठीला लावून ग्रँड आयलंडला नेतात त्या पॅडीच्या कार्डाचा इथे काडीचा उपयोग नाही. एजंटाला एवढंच विचारा: "कोर्स संपल्यावर हातात पडणारा कागद कुणाचा, आणि इम्का तो मानते का?" उत्तर फिरवून दिलं तर उठून या.

आता दाब. दर दहा मीटरला एक वातावरण वाढतं, तीस मीटरला चौपट होतं. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो. घाईनं वर आलात तर तो बुडबुडे होऊन सांध्यांत, मणक्यात, कुठेही अडकतो. हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०८ ला वर कसं यायचं याचे पहिले तक्ते काढले, आजचे तक्ते त्याच वाटेवरचे. तीस मीटरला हवेवर, मध्ये थांबा न घेता वर यायचं असेल तर तळावर पंचवीस मिनिटांच्या आसपास मिळतात. पंचवीस मिनिटांत बोल्ट सापडेपर्यंतच निम्मा वेळ जातो. पन्नास मीटरच्या खाली हवा बंद, कारण नायट्रोजनची झिंग चढते. तिथून हेलियम, आणि तिथूनच सॅच्युरेशनचं राज्य. तो भाग तारवटी लिहील, तो आता त्याच कामावर आहे.

अनिवासी तारवटी

हजर. मी मूळचा कुंकळ्ळीचा, सध्या डायव्हिंग सपोर्ट जहाजावर.

सॅच्युरेशनमागची युक्ती साधी आहे. शरीरात गॅस मुरायचा तेवढा मुरला की त्यानंतर तुम्ही खाली एक दिवस राहा की तीन आठवडे, वर यायला लागणारा वेळ तोच. म्हणून रोज वर-खाली करायचंच नाही. जहाजावरच्या चेंबरमध्ये कामाच्या खोलीइतका दाब भरतात, आम्ही तिथेच जेवतो, झोपतो, भांडतो. शिफ्टला बेलमधून खाली जायचं, काम करून त्याच दाबात परत. शेवटी एकदाच दाब उतरवायचा. साधारण तीस मीटरला एक दिवस, वर आणखी एक. बॉम्बे हायचं पाणी पंच्याहत्तर मीटरच्या आसपास, म्हणजे तिथून उतरायला तीन-चार दिवस. घरी कोणी आजारी असलं तरी दार उघडत नाही.

हेलियममुळे आवाज बदकासारखा होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीचं कोणी सांगत नाही. हेलियम अंगातली ऊब ओढून नेतो, म्हणून सूटमध्ये नळीतून सतत गरम पाणी सोडलेलं असतं. ते बंद पडलं तर तुमच्याकडे फार वेळ नसतो. आमच्या नळीला अंबिलिकल म्हणतात: श्वासाचा गॅस, गरम पाणी, फोनची तार, कॅमेरा, दिवा आणि खोली मोजायची एक बारीक नळी, सगळं एकत्र वळलेलं.

धोक्याचं म्हणाल तर १९८३ सालचं बायफर्ड डॉल्फिन या तेलाच्या रिगवरचं प्रकरण प्रत्येक कोर्सात शिकवतात. नॉर्वेच्या हद्दीत, ५ नोव्हेंबरला, आतलं दार नीट लागण्याआधीच बेल आणि चेंबरमधला क्लॅम्प सुटला. नऊ वातावरणांवरून एकावर दाब क्षणात आला. चार पाणबुडे आणि बाहेरचा एक टेंडर (पाणबुड्याचा वरचा मदतनीस) जागीच गेले. आता दाब असताना क्लॅम्प उघडताच येत नाही असे इंटरलॉक असतात. आमच्या धंद्यातले बहुतेक नियम असेच, कोणीतरी गेल्यावर लिहिलेले.

मित्राच्या मुद्द्याबद्दल: खोल पाणी यंत्रांनी घेतलंय, यात वाद नाही. १९९२ ला फ्रेंच कोमेक्स कंपनीनं चेंबरमध्ये ७०१ मीटरच्या दाबापर्यंत माणूस नेला. विज्ञान म्हणून थोर, धंदा मात्र तिकडे गेला नाही. आपल्याकडेच बघा, आंध्र किनाऱ्यासमोरच्या केजी बेसिनच्या आर-क्लस्टरमधून २०२० च्या अखेरीस गॅस सुरू झाला, ते पाणी दोन हजार मीटरहून खोल. तिथे माणसाचा प्रश्नच येत नाही, विहिरीवरचे व्हॉल्व्हच आरओव्हीच्या पकडीत बसतील असे बनवलेले असतात. पण बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्म सत्तरच्या दशकापासूनचे. ते माणसाच्या हातांसाठी बांधलेत.

दोनापावला

मी यंत्रांच्या बाजूचा, उपकरणं बनवणाऱ्या गटातला. त्यामुळे मित्राची बाजू घेईन असं वाटेल, पण पूर्णपणे नाही घेणार.

आधी फरक समजून घ्या. आरओव्हीला वरून केबल असते, वीज आणि चित्र तिच्यातून जातं, चालवणारा माणूस बोटीवर. एयूव्हीला केबल नसते, ती सांगितलेल्या मार्गानं स्वतः जाऊन येते. आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं 'माया' नावाची एयूव्ही बनवली ती एल्गर देसा यांच्या गटानं, लिस्बनच्या लोकांबरोबर. पावणेदोन मीटर लांब, पंचावन्न किलोच्या आसपास, दोनशे मीटरपर्यंत जाणारी. तिचं नाक बदलता येतं: एकात ऑक्सिजन मोजायचं उपकरण, दुसऱ्यात क्लोरोफिलचं. तिच्या चाचण्यांपैकी काही आमठाणेच्या धरणात झाल्या हे डिचोलीकरांना सांगितलं तर पटत नाही. नंतर प्रवाळ बघण्यासाठी 'सी-बॉट' आली.

पण ही माणसं हटवणारी यंत्रं नव्हेत. माया पाणी मोजते, ती बोल्ट पिळत नाही.

पाण्याखाली रोबोट चालवणं कठीण का, तर रेडिओ चालत नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी थोड्या अंतरातच मरतात, म्हणजे जीपीएस गेलं, वायफाय गेलं. राहिला आवाज. तो पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, पण त्यावरून माहिती पाठवायची तर मोबाईलच्या अगदी पहिल्या जमान्याहूनही हळू. चित्र पाठवणं विसरा. म्हणून जिथे नजरेसमोर काम हवं तिथे केबल आली, आणि केबल आली की ती अडकणं आलं.

आता भारतातही लहान आरओव्ही बनतात. कोचीच्या आयरोव्हचं 'ट्यूना', चेन्नईला आयआयटी मद्रासमधून निघालेली प्लॅनिस कंपनी. धरण, पूल, बंदराचे धक्के यांची तपासणी ही यंत्रं करतात आणि चांगली करतात. म्हणजे मित्र म्हणतो ते *बघण्याच्या* कामापुरतं बरंचसं खरं आहे.

खोलपाणी

दोनापावला, इथे मी आडवा येतो. बघण्याचं कामसुद्धा, पण *कुठल्या पाण्यात?*

मांडवीच्या पुलाखाली जून ते ऑक्टोबर सोडाच, डिसेंबरातही ओहोटीच्या वेळी हेल्मेटच्या काचेसमोर धरलेला हात दिसत नाही. दिवा लावला तर समोर तांबडी भिंत उभी राहते, कारण उजेड गाळावरून परत डोळ्यांत येतो. तिथे पाणबुडा डोळे मिटल्यासारखं काम करतो. पायलवर, म्हणजे तळात ठोकलेल्या पोलादी खांबावर तळवा ठेवायचा, कालवं आणि बार्नॅकलचा थर स्क्रेपरनं काढायचा, उघड्या पोलादावर व्होल्ट मोजणारा प्रोब टेकवायचा. आकडा वर माझ्यासमोर येतो. उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल तर अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा ठोकळा) अजून राखण करतोय. उणे ०.६५ आला तर पोलाद स्वतःला खातंय. मग तो बोटांनी खड्डे शोधतो आणि फोनवर सांगतो, "अंगठा निम्मा जातो, बाजूला आणखी दोन." तेवढ्यावर मी नकाशात खूण करतो. हे कॅमेऱ्याला कसं दाखवणार?

आणि प्रवाह. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं तेव्हाच काम. लहान आरओव्ही दोन-तीन नॉटच्या प्रवाहात नाक वर करून उभं राहतं, केबलच त्याला ओढून नेते. पाणबुडाही तेव्हा खाली नसतो म्हणा, पण तो निदान पायलला मिठी मारून दहा मिनिटं जास्त काढतो.

दोनापावला

गाळात कॅमेरा आंधळा, मान्य. म्हणून तर इमेजिंग सोनार. आवाजाला एवढा गाळ अडवत नाही. पायलची कड, तळाला पडलेला खड्डा, अडकलेली जाळी स्पष्ट दिसते. पुलाच्या पायाजवळची वाळू पाण्यानं उकरून गेली आहे का, हे पाणबुडा हातानं शोधेपर्यंत दिवस जाईल. सोनार पंधरा मिनिटांत पूर्ण उतार दाखवतो. महाडचा सावित्री पूल गेला (२ ऑगस्ट २०१६) तेव्हा पुरात वाहून गेलेल्या बस शोधायला नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक, क्रेनला बांधलेलं चुंबक, सगळं लागलं होतं आणि तरी दिवसच्या दिवस गेले. तशा पाण्यात माणूस उतरवण्याआधी सोनार फिरवावा, एवढंच माझं म्हणणं.

पोलादाचे खड्डे मात्र तुमच्याच बोटांना. ते मी लढवत नाही.

खोलपाणी

चला, निम्मं भांडण मिटलं.

जुवारीकाठ, गोव्यातलं काम काय हे विचारलंत. पूल आणि धक्के झालेच, पण रोजचं काम जहाजांच्या पोटाचं. पोटावर शेवाळ आणि बार्नॅकल बसले की जहाज जास्त तेल पितं, आणि काही देश तर तसं जहाज बंदरातच घेत नाहीत. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं २०११ ला काढली, २०२३ ला सुधारली. मग मुरगावच्या नांगरवाड्यावर थांबलेल्या जहाजाचं पोट घासा, पंखा पॉलिश करा, झिंक बदला. शिवाय जहाज धड आहे असा दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्थेची तपासणी: गोदीत न चढवता पाण्यातच पोट बघायचं असेल तर पाणबुड्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र सर्व्हेअर वर बसून थेट बघतो आणि "डावीकडे, अजून थोडं, थांब" करतो.

घासण्याच्या कामात क्रॉलर रोबोट घुसलेत आणि आणखी घुसतील. सपाट पोट हे त्यांचं मैदान. पण पंखा, सुकाणूची फट, सी-चेस्टची जाळी इथे अजून माणूसच जातो.

आणि तिथेच माणूस मरतो. सी-चेस्ट म्हणजे इंजिनाला थंड करायला पाणी ओढायचं तोंड. पाणबुडा खाली असताना कोणी पंप सुरू केला तर तो जाळीला चिकटतो. म्हणून मी बोटीवरून उडी मारू देण्याआधी जहाजावर स्वतः चढतो. पंखा फिरवायचं गिअर कुलूपबंद, त्या बाजूचे पंप बंद, पाटी लावलेली, किल्ली माझ्या खिशात. पोटाला गंजापासून वाचवायला वीज सोडतात ती बंद, एको साउंडर बंद, पाणबुडा खाली असल्याचा अल्फा झेंडा वर. चीफ इंजिनियर हसतो, "सगळं बंद आहे, या." मी तरी प्रत्येक कुलूप हातानं ओढून बघतो.

हे सगळे करतात का? नाही. इम्काच्या हिशेबानं हवेवरच्या साध्या डाइव्हलाही किमान पाच माणसं लागतात: सुपरवायझर, पाणबुडा, राखीव पाणबुडा आणि दोघांचे टेंडर. किनाऱ्याजवळच्या कामाला मी तीन माणसांची टोळी पाहिलीय. राखीव पाणबुडा म्हणजे जो कॉम्प्रेसरही बघतो आणि चहाही आणतो. कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही. अशा कंत्राटदारांकडे पोरगा गेला तर रोबोट त्याची नोकरी खाईल ही काळजी फार पुढची.

रुक्मिणी_डिचोली

मी सिव्हिलची, धरणांवर काम करते. वाचत होते, आता राहवत नाही.

खोलपाणींनी सी-चेस्टचं लिहिलं तेच धरणाच्या गेटवर दसपट. गेट पूर्ण बसत नाही, फट राहते, पाणी गळतं. लगेच कोणीतरी सुचवतं, "एक पाणबुडा उतरवा, काय अडकलंय बघून येईल." हिशेब करून बघा. दहा मीटर पाण्याखाली, पलीकडची बाजू कोरडी, वीस बाय वीस सेंटीमीटरची फट. चौरस सेंटीमीटरला एक किलो याप्रमाणे चारशे किलोंचा जोर. हात किंवा पाय त्या फटीवर गेला की वरून चार माणसांनी दोरी ओढली तरी सुटत नाही, ओढणाऱ्यांमुळेच तो फाटतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे खालच्या माणसाला ती ओढ आधी जाणवत नाही. पाणी शांत असतं, फटीपासून हातभर अंतरापर्यंत. मग एकदम.

माझ्या एका जुन्या साइटवर असा माणूस उतरवायची तयारी झाली होती, स्थानिक पोहणारा, हेल्मेट नाही, काही नाही. आम्ही अडवलं म्हणून वाचला. तेव्हा आरओव्ही भाड्यानं आणायचा खर्च "जास्त" ठरला होता.

मला या धाग्यातलं हेच खटकतंय. चर्चा सारखी "स्वस्त काय" याभोवती फिरते. माझ्या मते यंत्र आधी तिथे घाला जिथे माणूस मरतो, मग ते महाग का असेना. जहाजाचं पोट घासायला क्रॉलर आणणं ही तेलाची बचत. गेटच्या तोंडाशी आरओव्ही पाठवणं ही गरज. आपल्याकडे आधी पहिलं येतं.

अनिवासी तारवटी

+१००. उत्तर समुद्रातही यंत्रं आधी खोल आणि धोक्याच्या कामांत आली, कारण तिथल्या सरकारांनी अपघातांनंतर कंपन्यांना धरलं. बाजारानं आपण होऊन काही केलेलं नाही.

मिरामारकर

थोडं अवांतर. ते 'मत्स्य ६०००' मध्ये तीन माणसं सहा किलोमीटर खोल जाणार म्हणतात, त्यांना नाही का तुमचं ते दाब उतरवायचं चेंबर लागत?

दोनापावला

नाही लागत, आणि प्रश्न अवांतर नाही. त्यांच्या गोळ्यात आतला दाब घरातल्याइतकाच. सहाशे वातावरणांचा भार सगळा टायटॅनियमच्या कवचावर: आतला व्यास २.१ मीटर, जाडी ८० मिलिमीटर. गोल आकार यासाठी की भार सगळीकडे सारखा वाटला जातो. २०२३ च्या जूनमध्ये टायटॅनिककडे जाताना 'टायटन' चिरडली, तिचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. मत्स्य चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं, २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच ऑगस्टमध्ये आपले दोघं फ्रान्सच्या 'नोटील' पाणबुडीतून अटलांटिकमध्ये चार आणि पाच हजार मीटरवर जाऊन आले.

पण त्या गोळ्यातून हात बाहेर काढता येत नाही, यांत्रिक हातच वापरायचा. सॅच्युरेशनवाल्याचं उलट: त्याच्या अंगावर दाब असतो म्हणून त्याचे हात मोकळे. नौदलाचं 'निस्तार' जहाज जुलै २०२५ ला दाखल झालं त्यावर दोन्ही आहे, तीनशे मीटरपर्यंतचं सॅच्युरेशन आणि हजार मीटरपर्यंतचं आरओव्ही. एकानं दुसऱ्याला हटवलं असतं तर एवढा खर्च कोणी केला नसता.

जुवारीकाठ

भरभरून लिहिलंत, देव बरें करूं. एजंटाला फोन केला. "कागद कुणाचा" विचारल्यावर आधी म्हणाला आंतरराष्ट्रीय, मग म्हणाला पॅडी आणि आमचं स्वतःचं, मग म्हणाला तुम्ही ऑफिसला या. ताईनं शेजारी बसून सगळं ऐकलं. पाटल्यांचा विषय संपला.

आता मुलगा विचारतो, मग करू काय? वेल्डिंग पाण्याखालीही लागतं ना?

खोलपाणी

लागतं, पण वेल्डर आहे म्हणून तो अर्धा पाणबुडा झाला असं समजू नका. ओल्या वेल्डिंगपेक्षा कापण्याचं काम जास्त येतं, आणि ऑक्सिजनच्या कांडीनं कापताना सुटलेला गॅस एखाद्या पोकळीत साचला की स्फोट होतो. वरच्या बाजूला भोक पाडून गॅसला वाट द्यायची, मग खाली कापायचं. हे वरच्या यार्डात कोणी शिकवत नाही.

क्रम असा ठेवा. आधी डायव्हिंगसाठीची वैद्यकीय तपासणी, कान, फुफ्फुसं, सगळं. तिथेच बरेच गळतात आणि फी वाचते. मग वर्षभर एखाद्या बऱ्या कंपनीत टेंडर म्हणून. नळी हातात धरून खालच्या माणसाचा श्वास ऐकायला शिकू दे. तो करताना अल्ट्रासोनिक जाडीमापन आणि वेल्ड तपासणीचे कोर्स करावेत, ते जमिनीवरही पोट भरतात. तेव्हाही खाली जायची हौस टिकली तर मान्यताप्राप्त सरफेस सप्लाय. सॅच्युरेशनचं नाव इतक्यात काढू नये.

दोनापावला

आणि टेंडर असतानाच आरओव्ही चालवायला शिकावं. वेल्डर आहे, हायड्रॉलिक आणि वायरिंगची भीती नसेल. आम्हाला चालवणारे मिळतात, *दुरुस्त* करणारे मिळत नाहीत. खारं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की बोटीवर बसून रात्री ते उघडणारा माणूस लागतो, जॉयस्टिकवाला नव्हे.

रुक्मिणी_डिचोली

दोनापावला, जाता जाता. एप्रिल-मे मध्ये पाणी सर्वांत कमी असताना एका गेटची सील बघायची आहे. गळती आहे, माणूस उतरवणार नाही असं मी लेखी दिलंय. लहान आरओव्हीवर सोनार लावून होईल का, की तेही फटीला चिकटेल?

दोनापावला

चिकटू शकतं, वजन कमी म्हणून उलट लवकर. आधी गळती किती ते मोजून द्या, गेटचं ड्रॉइंग आणि त्या दिवसाची पातळी द्या. ओढ किती अंतरापर्यंत पोचते ते काढू आणि सोनार त्या अंतराबाहेरूनच लावू. केबल वरच्या वर तोडून यंत्र सोडून द्यावं लागलं तर त्याचा खर्च कोण सोसणार हेही त्याच पत्रात लिहून घ्या. व्यनि (खासगी निरोप) केलाय.